आवाजासकट पाच स्टार

एकतीस वर्षं मी दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तूंत खोड्या काढायचा पगार घेतला. सिन्नरच्या एमआयडीसीत आमची कंपनी होती, पाण्याच्या मोटारी बनवायची. बाहेरून आलेला माल आधी माझ्या टेबलावर यायचा. बेअरिंग, शाफ्ट, तांब्याची तार, स्क्रूसुद्धा. माल चांगला असला की मी त्याला हिरवा टॅग लावायचो, वाईट असला की लाल, आणि संशय असला की पिवळा. पिवळा म्हणजे होल्ड. तो माल वापरायचा नाही, परतही पाठवायचा नाही. जयराम पगारे काय ते सांगेपर्यंत सगळ्यांनी वाट बघायची.

आता रिटायर झालोय, तेव्हा सांगायला हरकत नाही. हिरवा टॅग लावला की माल आत जायचा आणि माझ्याकडे कोणी ढुंकून बघायचं नाही. लाल लावला की खरेदीवाले तोंड वाकडं करून निघून जायचे. पण पिवळा लावला की माणसं यायची. प्रॉडक्शनचे मॅनेजर स्वतः स्टूल ओढून बसायचे, "पगारे, चहा सांगू का" म्हणायचे, पोरं कितवीला आहेत ते विचारायचे. मला ते आवडायचं. गरज नसताना अर्धा दिवस जास्त होल्ड मी किती वेळा ठेवला असेल, देव जाणे. कोणाचं फारसं नुकसान झालं नाही, असं मी धरून चालतो.

रिटायरमेंटला तीन वर्षं झाली. नाशिकला इंदिरानगरात आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट आहे आणि सध्या त्यात मी एकटाच आहे. माझी बायको मालन गेल्या जूनमध्ये बंगळुरूला मुलाकडे गेली. प्रफुल्लला मुलगा झाला, सून नोकरी करते, तेव्हा बाळाला बघायला तीन महिन्यांसाठी म्हणून गेली. त्याला आता अकरा महिने होत आले. मीही तिकडे जाऊन बघितलं. आठ दिवस त्यांच्या हॉलमध्ये सोफ्यावर झोपलो. सकाळी सून पाणी घ्यायला बाहेर आली की ती अवघडायची आणि मी डोळे मिटून पडून राहायचो. नवव्या दिवशी मीच म्हणालो, घर बंद ठेवणं बरं नाही. कोणी थांब म्हणालं नाही. राग आला नाही. म्हणजे आला थोडा.

घरात एकटं राहण्याची मला सवय नव्हती. एका माणसाला पुरेल एवढा वरणभात करायचा तर कुकरमधलं सगळ्यात लहान भांडंही मोठं पडतं. मग तोच भात संध्याकाळी खायचा. सकाळी दूधवाल्याशी बोलणं होतं, ते "अर्धा लिटर" एवढंच. कधीकधी दुपारी चारला माझ्या लक्षात यायचं की आज आपला आवाज आपणच ऐकलेला नाही.

माझी मुलगी तेजल नागपूरला असते. जावई मनोजराव बँकेत आहेत. तेजलचा फोन पंधरा दिवसांतून एकदा यायचा. "पप्पा, जेवलात का? बीपीची गोळी घेतली का? बरं, ठेवते." दीड मिनिट. मी घड्याळ लावून बघितलंय.

मेच्या दहा तारखेला संध्याकाळी साडेसातला तिचा फोन आला, तो मात्र वेगळा होता. तेजल घरी बसून एका आर्किटेक्टची कामं करते. बिल्डिंग बांधून झाल्यावर कशी दिसेल त्याची चित्रं कॉम्प्युटरवर बनवते, पार बाल्कनीतल्या कुंड्यांसकट. तिचा कॉम्प्युटर काम करता करता बंद पडायला लागला होता. तिकडच्या मेकॅनिकनं सांगितलं की पॉवर सप्लाय खराब आहे. पॉवर सप्लाय म्हणजे कॉम्प्युटरच्या डब्यातली ती पेटी, जिच्यातून आतल्या सगळ्या भागांना वीज जाते.

"तो बदलायचाय पप्पा. पण मागच्या वेळी मी साडेचार स्टार बघून घेतला होता आणि वर्षभरात हे असं झालं. रिव्ह्यू वाचून मला काही कळत नाही. एक म्हणतो उत्तम, दुसरा म्हणतो जळाला. तुम्ही आयुष्यभर तेच केलंय. तुम्ही वाचून सांगा, तुम्ही ओके म्हणाल तोच घेईन."

"घाई किती आहे?"

"पंचवीस तारखेला एका मोठ्या स्कीमची चित्रं द्यायचीत. ती नीट झाली तर सर मला कायम करणार आहेत. तोपर्यंत डब्याचं झाकण काढून समोर टेबल फॅन लावलाय. तासभर चालतो, मग बंद करून गार करते."

तिनं तीन पॉवर सप्लायच्या लिंक पाठवल्या. मी चष्मा पुसला, जुनी वही काढली, रेघा आखल्या. मालन गेल्यापासून इतका हुरूप आला नव्हता.

रिव्ह्यू वाचायची माझी एक पद्धत आहे. ज्यानं पार्सल आलं त्याच दिवशी लिहिलं, त्याला आधी बाजूला काढायचं. तो वस्तूबद्दल लिहीत नाही, खोक्याबद्दल लिहितो. मग डिलिव्हरी देणारा हसून बोलला म्हणून पाच स्टार देणारे काढायचे. मग एकाच आठवड्यात, वेगवेगळ्या नावांनी, पण तेच शब्द त्याच चुकांसकट लिहिणारे काढायचे. पहिल्या पॉवर सप्लायला असे चाळीसच्या वर निघाले. दुसऱ्याची तर गंमतच होती. खाली जात जात जुने रिव्ह्यू काढले तर लोक मिक्सरच्या भांड्याचं कौतुक करत होते. चटणी बारीक होते म्हणे. विकणाऱ्यानं जुन्या मिक्सरच्या पानावर नवा माल चढवला होता आणि त्याचे स्टार फुकट मिळवले होते. जुन्या लॉटचा हिरवा टॅग काढून नव्या लॉटला चिकटवणारे सप्लायर मी कंपनीत दोनदा पकडले होते. माणसं सगळीकडे सारखीच.

एक स्टारवाल्यांवरही आंधळा विश्वास ठेवायचा नाही. अर्ध्या लोकांनी वायर नीट खोचलेली नसते. मला आवडतात ते तीन स्टारवाले. त्यांना खरंच काही सांगायचं असतं. आणि फोटो बघायचा तर वस्तूचा नाही, वस्तूवरच्या धुळीचा बघायचा. धूळ बसलेल्या वस्तूचा फोटो टाकणारा माणूस ती वापरून बोलत असतो.

अशी चाळणी लावली आणि तिसरा पॉवर सप्लाय स्वच्छ निघाला. वर्षभर वापरलेल्या लोकांचे रिव्ह्यू होते, धुळीचे फोटो होते, एक तक्रार सोडली तर काही नव्हतं. ती तक्रार म्हणजे दोघातिघांना पंख्याचा आवाज जास्त वाटत होता. ते किरकोळ. मी घड्याळात बघितलं. साडेनऊ वाजले होते. दोन तासांत निकाल लागला होता.

दुसऱ्या दिवशी बरोबर साडेसातला फोन वाजला. "काय पप्पा, ठरलं?"

मी तोंड उघडलं ते ओके म्हणायलाच. आणि मला दिसलं की ओके म्हटल्यावर ती "थँक यू पप्पा, गोळी घ्या" म्हणणार, आणि पुढचा फोन पंधरा दिवसांनी. मी म्हणालो, "तिसरा बरा वाटतोय. पण सध्या होल्डवर ठेवू. वॉरंटी बघायची राहिलीये."

"चालेल. तुम्ही म्हणाल तसं." मग ती लगेच फोन ठेवू शकली नाही. विचारलं, "वॉरंटीत काय बघता?" मी सांगितलं. ती ऐकत होती. मी कंपनीतल्या एका सप्लायरची गोष्ट सांगितली, तिला हसू आलं. मग तिनं तिच्या सासूबाईंनी टीव्हीचा रिमोट चुकून कुकरजवळ ठेवून वितळवल्याची गोष्ट सांगितली. त्या दिवशी आम्ही अठरा मिनिटं बोललो.

मग रोज साडेसात. मंगळवारी मी विकणाऱ्याच्या चौकशीचं निमित्त काढलं. बुधवारी म्हणालो, नागपूरच्या उन्हाचा विचार करायला हवा. गुरुवारी वायरची लांबी. फोनच्या आधी मी चहा घेऊन बसायचो, बोलायला काय काय आहे ते वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवायचो. आम्ही चाळीस मिनिटं बोलायला लागलो. लग्न झाल्यापासून तिनं मला जेवढं सांगितलं नव्हतं तेवढं त्या आठवड्यात सांगितलं. कायम झाली तर स्वतःच्या नावावर पहिली स्कूटर घ्यायची होती तिला. मनोजराव चांगले आहेत, पण प्रत्येक वेळी सोडायला कोणाला सांगायचं, म्हणाली. लहानपणी मी कंपनीतून बाद झालेली बेअरिंग आणायचो आणि ती भिंगरीसारखी फिरवायची, तेही तिला आठवत होतं. मला वाटलं होतं ती विसरली असेल.

मला लाज वाटत नव्हती असं नाही. पण कॉम्प्युटर चालत होता, टेबल फॅन होता, पंचवीस तारीख लांब होती. मी स्वतःला हेच सांगत होतो.

सतरा तारखेला ती म्हणाली, "पप्पा, आता सांगून टाका ना. आज दिवसातून चारदा बंद पडला."

आता सांगायला कारण उरलं नव्हतं. वही चाळता चाळता मला एक रिव्ह्यू दिसला, जो मी पहिल्याच दिवशी बाजूला काढला होता. तिसऱ्याच पॉवर सप्लायचा. मराठीत होता. "पंख्याचा आवाज बराच येतो. दुपारी बरं वाटतं." खाली पाच स्टार. नाव वत्सला खताळे, गाव सिन्नर. तक्रार करायची आणि पाच स्टार द्यायचे, हे माझ्या कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं, म्हणून मी पुढे 'अविश्वसनीय' असं लिहून टाकलं होतं.

"एकच शंका आहे," मी म्हणालो. "पंख्याचा आवाज. सिन्नरच्या एका बाईंकडे हाच आहे. उद्या जाऊन कानानं ऐकून येतो. मग पक्कं."

"अहो पप्पा, आवाजाचं काय एवढं? मी हेडफोन लावून काम करते."

"आवाज म्हणजे बेअरिंग. बेअरिंग गेलं तर पंखा गेला आणि पंखा गेला तर सगळंच गेलं."

ती म्हणाली, "या जाऊन. पण उद्या नक्की सांगा हं. माझ्यासाठी उन्हातान्हाचं एवढं जाताय." तिच्या आवाजात माया होती. मला ती पुरली.

सिन्नरला माझ्यासोबत काम केलेला सहादू साळवे राहतो. त्याला सकाळी फोन लावला. "जय भीम साहेब. वत्सलाबाई खताळे ना? शाळंतल्या बाई हायेत त्या. माझ्या दोन्ही पोरी त्यांच्याच हाताखाली शिकल्या. लय कडक. आता एकट्याच राहत्यात, पोरगी दुबईला हाय. घर सापडायला काय नाय, कोणालाबी विचारा." मग त्यानं विचारलं, "पर काम काय काढलंत?" मी सांगितलं. "पंखा ऐकायला?" म्हणाला. मी फोन ठेवला.

अकराची एसटी पकडून मी सिन्नरला उतरलो. एकतीस वर्षांचा रस्ता, पण या वेळी कोणी माझी वाट बघत नव्हतं. घर खरंच लगेच सापडलं. दार उघडलं ते पासष्टीच्या, काठाची सुती साडी नेसलेल्या बाईंनी. मी नाव सांगितलं, रिव्ह्यूचं सांगितलं. त्यांचा चेहरा उजळला.

"कंपनीकडून आलात का तुम्ही?"

"नाही बाई. मी नुसता वाचणारा."

"वाचतं होय कोणी ते?" त्या म्हणाल्या. "मी सगळ्याचंच लिहिते. गाळणीचं लिहिलं, बल्बचं लिहिलं. त्यांचा मेसेज येतो ना, तुमचं मत कळवा म्हणून. मग कळवते. या, आत या."

कॉम्प्युटर त्यांची मुलगी सविता हिनं घेऊन दिला होता, मोठ्या पडद्यावर बोलता यावं म्हणून. मुलीचा फोन शुक्रवारी यायचा. त्या दिवशी सोमवार होता. त्यांनी आधी चहा ठेवला. मग पोहे करते म्हणाल्या. मी नको म्हणालो, त्यांनी केलेच. पोहे होईपर्यंत त्यांनी मला शाळेतले तीन मुख्याध्यापक आणि एक चोरीला गेलेली घंटा, सगळं ऐकवलं. मला घाई होती का? नव्हती. मी दुसऱ्यांदा चहाला हो म्हणालो.

शेवटी त्यांनी बटण दाबलं. पंखा सुरू झाला आणि खरंच, खोली भरून जाईल असा खरखर आवाज यायला लागला. मी खिशातून लांब स्क्रू ड्रायव्हर काढला. त्याचं टोक पेटीवर टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची, बेअरिंगची तपासणी आम्ही अशीच करायचो. ऐकताना मध्येच वाजू नये म्हणून मोबाइल मी आवाज बंद करून खिशात टाकला.

बेअरिंग ठणठणीत होतं. आतून एक वायर सैल पडून जाळीला लागत होती, तिचा आवाज येत होता. बोटानं बाजूला सारली की झालं.

"बाई, काही बिघाड नाही. वायर लागतेय नुसती. एका मिनिटात काढतो, आवाज बंद."

"पूर्ण बंद?"

"पूर्ण."

त्यांनी पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मग राहू द्या," म्हणाल्या.

मी हात मागे घेतला. त्यांनी लाजत वगैरे सांगितलं नाही, वर्गात सांगावं तसं सांगितलं. "दुपारी एक ते चार हा चालू ठेवते मी. काही करत नाही त्यावर. आत बसलेली असते. बाहेरच्या खोलीत आवाज असला की घरात कोणीतरी आहे असं वाटतं. चांगली वस्तू आहे, म्हणून पाच दिले. आवाज येतो तेही लिहिलं. खोटं नाही लिहिलं."

खोटं नव्हतंच. आवाजाबद्दल त्या खरं बोलल्या होत्या आणि दुपारबद्दलही. मी मात्र त्यांच्या नावापुढे अविश्वसनीय लिहून मोकळा झालो होतो, कारण माणूस वस्तूकडून काय घेतो याचा रकाना मी आखलाच नव्हता. आणि मी स्वतः नऊ दिवस काय करत होतो? ह्या बाई निदान उघड लिहीत होत्या. मी मुलीचं काम अडवून ठेवलं होतं आणि त्याला तपासणी म्हणत होतो.

"थोडं अजून ऐका," बाई म्हणाल्या. "गरम झाल्यावर वेगळा येतो."

मी ओळखलं. मी तेजलशी रोज हेच करत होतो. पण त्यांच्याकडे बघून मला उठवेना. आम्ही दोघं अर्धा तास तो आवाज ऐकत बसलो. निघताना त्या म्हणाल्या, "परत या ऐकायला." मी येतो म्हणालो. आज संध्याकाळी तेजलला ओके सांगायचं, फोन कमी झाले तर झाले, असं ठरवूनच मी स्टँडवर आलो.

एसटीत बसल्यावर मोबाइल काढला. तेजलचे पाच मिस्ड कॉल. पहिला एक वाजून दहा मिनिटांचा.

मी फोन लावला. ती शांत होती, त्यानंच मला भीती वाटली. "पप्पा, जळाला. ठिणगी आली आणि वास सुटला. मनोजनं दुकानातून आणून दुसरा लावला, पण आता आत काहीच सुरू होत नाही. बोर्ड गेला म्हणतात. चित्रं ज्या डिस्कवर होती तीही उघडत नाही."

"दुसरी कॉपी?"

"आहे. महिन्यापूर्वीची." मग म्हणाली, "तुम्ही आवाज ऐकत असाल म्हणून उचलला नाहीत ना? असू दे. मी नुसतं विचारायला केला होता, आता काय करू म्हणून."

बाहेर द्राक्षांच्या बागा मागे जात होत्या. शेजारची बाई मला विचारत होती की नाशिक किती वेळात येईल.

डिस्क मेकॅनिककडे गेली, मग आणखी एका मेकॅनिककडे. काही परत मिळालं नाही. पहिल्याच दिवशी मी ओके म्हटलं असतं तर नवी पेटी तेरा तारखेला तिच्या घरी पोचली असती. हे मी मनातल्या मनात इतक्या वेळा मोजलं की तेरा आकडा दिसला तरी मी नजर वळवायचो. त्या दिवसांत तेजलचा फोन आला नाही. मी दोनदा केला, दोन्ही वेळा मनोजरावांनी उचलला. ती कामात आहे म्हणाले. मालनशी रविवारी व्हिडिओ कॉल झाला. नातू मध्येच रांगत येत होता. मी तिला काही सांगितलं नाही.

सत्तावीस तारखेला संध्याकाळी तेजलचा फोन आला.

"सरांनी काम दुसऱ्या मुलीला दिलं," ती म्हणाली. "कायमचं पण तिलाच घेतलं. रागावले नाहीत ते. म्हणाले, होतं असं."

मी समोरची वही मिटली.

"तुम्ही वाईट वाटून घेऊ नका पप्पा. आई म्हणत होती तुम्ही नीट बोलत नाही. तुमची काय चूक? मीच मागच्या वेळी बिनडोकासारखं स्टार बघून घेतलं. तुम्ही तर माझ्यासाठी एवढ्या उन्हात सिन्नरला गेलात. असं कोण करतं?"

ती मला पाच स्टार देत होती. मी ते घेऊ शकलो असतो. ती आयुष्यभर कौतुकानं सांगत राहिली असती की आमचे पप्पा एक पंखा ऐकायला दुसऱ्या गावाला गेले होते. पण एकतीस वर्षांत मी कधी न तपासलेल्या मालावर सही केली नाही, आणि हा माल तर मला आतूनबाहेरून माहीत होता.

"तेजल," मी म्हणालो, "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"काय?"

"तिसरा चांगला आहे ते. तुझा फोन झाला त्याच दिवशी, रात्री साडेनऊला. बाकी सगळं, वॉरंटी, ऊन, वायर, सिन्नर, त्यातलं काही लागत नव्हतं. तू रोज फोन करत होतीस. ओके म्हटलं असतं तर ते थांबलं असतं. म्हणून मी होल्डवर ठेवलं."

फोन कट झाला की काय म्हणून मी कानापासून काढून बघितलं. सेकंद पुढे जात होते. मागे कुठेतरी तिच्या सासूबाईंचा टीव्ही चालू होता.

मग ती बोलली. चिडून नाही. तिला खरंच कळत नव्हतं, असं विचारलं तिनं.

"मग सांगायचं ना पप्पा. फोन कर म्हणून."

मी उत्तर शोधायला लागलो. माझ्याकडे कुठल्याही प्रश्नाला तपासणीचं काहीतरी उत्तर असतं. पण खरं हे होतं, की ते मला सुचलं नव्हतं. नऊ दिवस मी कारणं शोधली, दुसऱ्या गावाला गेलो, अनोळखी बाईंच्या घरी पोहे खाल्ले, आणि ही एवढी साधी गोष्ट माझ्या मनात एकदाही आली नाही.

"सुचलं नाही," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली. ती रडत होती की नाही ते मला कळलं नाही. आवाज ओळखायचं काम केलेला माणूस मी, पण मला कळलं नाही.

मग मी ते म्हणालो. उशीर झाला होता, तरी म्हणालो. "उद्या फोन करशील?"



"उद्या नाही जमणार पप्पा. उद्या दोन ठिकाणी काम विचारायला जायचंय. लांब आहेत, बसनं जाईन, दिवस जाईल."

मी बरं म्हणालो. गोळी घेतली का, ते तिनं विचारलं नाही.